निरोपीचं आतडं

"ही खुर्ची कुणी जोडली?"

"तुम्हीच, काकू."

"मी? माझा जोड असा तोंड वासून बसत नाही. हा खिळा कुणी मारला?"

समोरच्या दुकानातला चष्मेवाला खुर्ची पोटाशी धरून उभा होता. त्यानं ती जरा अजून पोटाशी धरली. "थोडी हलत होती, म्हणून मीच आपला एक छोटासा…"

"तुमच्या गिऱ्हाइकाचा चष्मा हलायला लागला की नाकात खिळा मारता का?"

"नाही, काकू."

"मग माझ्या खुर्चीत का मारला? ठेवा तिथं. आणि जा. तुम्ही उभे राहिलात की उजेड अडतो."

चष्मेवाला गेला. रस्ता ओलांडून आपल्या काउंटरमागे पोचल्यावर मग त्याला बोलायचा धीर आला, तो आरशाशी बोलला, "करवत आहे करवत. जातानाही कापते, येतानाही कापते."

हे नाव सगळ्या गल्लीनं मिळून ठेवलं होतं. करवतकाकू. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना माहीत होतं. एकदा दूधवाल्याच्या तोंडून निसटलं, तर त्या म्हणाल्या, "म्हण की. पण करवतीच्या वाटेत बोट घालू नये हेही लक्षात ठेव. पाणी कमी घालत जा."

काकू जुनं फर्निचर दुरुस्त करत. अरुंद दुमजली घराचा तळमजला म्हणजे त्यांचं कामाचं दुकान, आणि मागची एक खोली म्हणजे त्यांचं घर. दुकानात शिरलं की आधी डोकं सांभाळायचं, कारण छताच्या आकड्यांना खुर्च्या पाय वर करून लटकलेल्या असत. भिंतीला जोड आवळून धरणारे शिकंजे, पटाशा, वेताच्या जुड्या. आणि कोपऱ्यातल्या छोट्या शेगडीवर भांड्यात भांडं: बाहेरच्यात पाणी, आतल्यात सरस. गुरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला तो तपकिरी चिकट पदार्थ. त्याच्या वासानं नवं गिऱ्हाईक उंबऱ्यावरच नाकाला रुमाल लावी. काकूंना तो वास येतच नव्हता. लग्न होऊन आल्या त्या दिवशी आला होता म्हणे, पुन्हा कधी नाही.

नवऱ्यानं काम शिकवलं, मग नवरा गेला, काम राहिलं. बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. "तो गोंद म्हणजे जन्मठेप," त्या म्हणायच्या, "एकदा चिकटला की लाकूड फुटेल पण जोड उघडणार नाही. सरसाला जरा वाफ दाखवा, सोडतो. जुन्या खुर्चीला पुन्हा पुन्हा माफी लागते." माफीवर त्या एवढंच बोलत, आणि तेही फक्त खुर्च्यांच्या बाबतीत.

कारण वर जाऊबाई राहत होत्या.

जाऊबाई म्हणजे धाकट्या दिराची बायको. सगळा जन्म हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढलेला. निवृत्त झाल्या तरी नखं बोटाच्या मांसालगत कापलेली, केस टोपीखाली असल्यासारखे घट्ट बांधलेले, आणि दाराची कडी कोपरानं उघडायची सवय. वरच्या दोन खोल्यांत फिनेलचा वास. जिन्याच्या मधल्या पायरीवर तो वास आणि सरसाचा वास एकमेकांना भिडत आणि पुढे सरकायला दोघंही तयार नसत.

भांडणाचं मूळ एक खुर्ची. दीर रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन खाली येऊन बसायचे. त्या दिवशी काकूंनी नुकतीच शिकंज्यातून काढलेली एक खुर्ची भिंतीशी ठेवली होती. जोड ओला होता. दीर बसले, मागचा पाय निखळला, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते वरच्या मजल्यावरून खाली आले ते एकदाच, आणि तेही चार जणांच्या खांद्यावरून.

काकू म्हणत, "मी सांगितलं होतं, बसू नका."

जाऊबाई म्हणत, "यांच्या जोडानं माझा माणूस खाल्ला."

म्हणत, पण एकमेकींना नाही. गल्लीला. दोघींत शब्द नव्हता. जाऊबाईंनी मोठ्या जावेला 'अहो-जाहो' करणं मात्र सोडलं नव्हतं. उलट त्या 'त्यांना' शब्दावर असा दाब देत की त्याची सुई व्हायची.

आणि मग निरोपी आली.

ती आली एका सोफ्यातून. दुरुस्तीला आलेल्या सोफ्याचं पोट काकूंनी उसवलं, तर आतल्या काथ्यात राखाडी पिल्लू. सोफ्याच्या मालकिणीनं हात झटकले, "आमचं नाही." काकू म्हणाल्या, "मग सोफा तरी तुमचा आहे ना, का तोही ठेवून घेऊ?" पिल्लू राहिलं. खाली झोपायचं, वर ऊन खायचं, जिन्यावर दोन्ही.

एक दिवस वरचा नळ वाहत राहिला आणि ताज्या पॉलिश केलेल्या टेबलावर थेंब पडला. काकू जिन्याच्या तोंडाशी आल्या. हाक मारायला तोंड उघडलं, आणि आठवलं की आपण बोलत नाही. पायरीवर मांजर बसलं होतं.

"जा गं," त्या मांजराला म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की चष्मेवाल्याच्या हातातला स्क्रू पडला, "सांग वर. म्हणावं नळ बंद करा, खाली माणसं राहतात."

वर पावलं वाजली. मग नळ बंद झाल्याचा आवाज. मग, "मांजरे, सांग खाली. म्हणावं माणसं राहतात हे नवीनच कळलं."

तेव्हापासून ही पद्धत पडली, आणि गल्लीनं मांजराचं नाव ठेवलं निरोपी.

"निरोपी, विचार वर, एवढा वेळ पंप चालू ठेवून आंघोळ कुणाला घालतायत? हत्तीला?"

"निरोपी, सांग खाली, हत्ती तळमजल्यावर असतो."

"निरोपी, सांग वर, भाजी जळतेय. नाक आहे ना?"

"निरोपी, सांग खाली, सरसाच्या वासातून त्यांना भाजीचा वास आला, यातच सगळं आलं. आणि गॅस बंद केलाय."

निरोपी मात्र कुठला निरोप पोचवत नसे. ती मधल्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसे आणि दोन्हीकडून येणारी दगडफेक डोळे मिटून ऐके.

मग ती ओकायला लागली.

आधी अधूनमधून. मांजरं ओकतातच, म्हणून दोघींनी सोडून दिलं. मग रोज. मग जिन्यावर पातळ घाण, कधी तिच्यात रक्ताची रेघ. खायची दोघींकडचं, पण अंगी लागेना. पाठीचा कणा हाताला फणीसारखा लागायला लागला, केस राठ झाले.

"निरोपी, विचार वर, तुला शिळंपाकं काय चारलं?"

"निरोपी, सांग खाली, शिळंताजं ओळखण्यात माझा जन्म गेलाय. लाकडाचा भुसा कोण चारतं ते विचार."

"निरोपी, सांग वर, भुशानं मरायचं तर मी कधीच मेले असते."

"निरोपी, सांग खाली, चांगली माणसं लवकर मरतात, त्यांनी काळजी करू नये."

शेवटी दोघी एकाच टॅक्सीतून जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. काकू ड्रायव्हरशेजारी, जाऊबाई मागे, मांडीवर टोपली. टोपली मागे का, यावर गल्लीच्या टोकापर्यंत निरोपांच्या फैरी झडल्या. टॅक्सीवाल्यानं आरशात बघून विचारलं, "मांजराचं नाव निरोपी का?" दोघी एकदम म्हणाल्या, "पुढे बघून चालवा."

डॉक्टरीणबाईंच्या केसांत पेन खोचलेलं होतं आणि त्या दुसरं पेन शोधत होत्या. आवाज बसलेला, बहुतेक कायमचाच. त्यांनी निरोपीचं पोट बोटांनी चाचपलं, रक्त घेतलं, विष्ठा तपासायला पाठवली, पोटाची सोनोग्राफी केली. जंत नव्हते, संसर्ग सापडला नाही. रिपोर्ट आले त्या दिवशी त्यांनी पडद्यावर एक करडी पट्टी दाखवली.

"ही आतड्याची भिंत. जाड झालीय. सूज आहे, आणि आजची नाही. जुनी आहे."

"कशानं?" जाऊबाईंनी विचारलं.

"एका कशानं नसतं. शरीरात पहारेकरी असतात. त्यांनी चोर पकडायचे. पण कधी कधी ते बिथरतात आणि रोजच्या खाण्यालाच चोर समजून झोडपायला लागतात. मार बसतो घराच्या भिंतींना."

काकू टोपलीकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस, निरोपी? तुझ्या पोटात वरच्या मजल्यासारखं चाललंय."

"निरोपी," जाऊबाई म्हणाल्या, "घरात पहारा लागतो कारण घरात चोर असतात."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. पहिल्यांदाच दोघींकडे नीट पाहिलं. "तुम्ही मांजराशी बोलताय की एकमेकींशी?"

"मांजराशी," दोघी म्हणाल्या.

"बरं. मग मी तुमच्याशी बोलते. आतड्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, कॅन्सरसुद्धा असाच दिसतो. पण एवढ्या अशक्त जनावराला भूल द्यायला मी आत्ता तयार नाही. म्हणून आधी खाणं बदलायचं. हे खास खाणं आहे, यातलं प्रथिन इतकं बारीक तोडलेलं असतं की पहारेकऱ्यांना ते ओळखू येत नाही. हे आणि पाणी. दुसरं काही नाही. दूध नाही, मासा नाही, मटणाचा कण नाही. सोबत या गोळ्या, आणि इंजेक्शन द्यायला माझ्याकडे आणा. हा आजार मुळापासून जात नाही, सांभाळावा लागतो. सांभाळाल?"

"मी सांभाळीन," काकू म्हणाल्या.

"मी सांभाळीन," जाऊबाई म्हणाल्या.

त्या दोन वाक्यांतलं 'मी' ऐकून डॉक्टरीणबाईंनी केसांतलं पेन सापडल्यासारखं ओढून काढलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

गोळी देणं हे एकटीचं काम नव्हतं. एकीनं मान धरायची, दुसरीनं जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची. हा समारंभ मधल्या पायरीवर चाले, तीच काय ती दोघींची सरहद्द.

"निरोपी, त्यांना सांग, मान धरायची असते, गळा नाही."

"निरोपी, तिला सांग, माझ्या हातात आजवर कुठल्या खुर्चीचा गळा गेलेला नाही."

"एका खुर्चीचा पाय गेला होता."

इथे 'निरोपी' हा शब्द आला नव्हता. पण समोर बघून बोललेलं नव्हतं, म्हणून दोघींनी ते बोलणं धरलं नाही.

काही आठवडे गेले. वरचं मांस-मच्छी बंद झालं, जाऊबाईंनी स्वतःचं अंडंसुद्धा दार लावून खाल्लं. खाली काकूंनी जेवणाची ताटली धुतल्याशिवाय खाली ठेवली नाही. चष्मेवाल्याला दम भरला, "माझ्या मांजराला बिस्किटाचा तुकडा जरी टाकलात, तर त्या खिळ्यासकट खुर्ची परत करीन, आणि कुठे ते विचारू नका." तो म्हणाला, "काकू, मला मांजरं आवडतच नाहीत." काकू म्हणाल्या, "त्यात काय, मला तरी तुम्ही कुठे आवडता?"

आणि निरोपी ओकतच राहिली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली.

"तुमच्यापैकी कुणीतरी खोटं बोलतंय."

दोघींनी एकाच वेळी निरोपीकडे पाहिलं.

"मला भांडणात रस नाही. पण हे मांजर चोरून काहीतरी खातंय, किंवा कुणीतरी चारतंय. गोळ्या मी वाढवू शकते, पण किती? पुढच्या खेपेला ही अशीच आली तर माझ्याकडे एकच इंजेक्शन उरेल, आणि ते बरं करायचं नसेल. कळतंय ना मी काय म्हणतेय?"

परतीच्या टॅक्सीत कुणी निरोप पाठवला नाही. टॅक्सीवाला तोच होता. त्यानं दोनदा आरशात बघितलं आणि मग रेडिओ लावला.

खुर्ची न्यायला आलेला चष्मेवाला त्या दिवशी जरा जास्तच बोलला. "काकू, राग मानू नका. पण ही गेली तर तुम्ही वर निरोप कुणाच्या तोंडून पाठवणार?"

"गरजच काय?" काकू म्हणाल्या. "नसलेल्या माणसांना कोण निरोप पाठवतं?" आणि लाकडी हातोडी इतक्या जोरात खाली ठेवली की लटकलेल्या सगळ्या खुर्च्या हलल्या. चष्मेवाला पैसे ठेवून उलट पावली बाहेर गेला. काचेआडून त्यानं पाहिलं. काकू शेगडीपाशी तशाच उभ्या होत्या, ब्रश हातात, आणि ब्रशावरचा सरस सुकत चालला होता. असं काम त्या कुणाला करू देत नसत.

वर जाऊबाईंची खात्री झाली होती. चोर खालीच आहे. नुसती खात्री त्यांना पुरत नसे. ऑपरेशननंतर एक जरी कापसाचा बोळा कमी भरला, तरी सर्जनला पोट शिवू न देणारी बाई ती. जिन्याच्या वळणावर एक झरोका होता, दुकानात उघडणारा. जाऊबाईंनी पायरीवर उशी टाकली आणि बसल्या.

खाली काकू काम करत होत्या. खुर्चीची दांडी भोकात बसवली, ठोकली, शिकंजा आवळला. जोडातून फुगून बाहेर आलेला सरस त्यांनी फडक्यानं नाही, बोटांनी निपटून काढला. त्यांची तशीच रीत होती. फडकं दोरे सोडतं. दहाही बोटं तपकिरी. मग त्या स्टुलावर बसल्या, बघितलं कुठेच नाही, आणि हात खाली सोडला.

निरोपी स्टुलाखालून आली. तिनं एक एक बोट घेतलं आणि चाटून साफ केलं. अंगठा, तर्जनी, सगळी. मग दुसरा हात. तिचीही रीतच होती ती, सोफ्यातून निघाली तेव्हापासूनची.

आणि काकू बोलत होत्या. "दमलीस ना गं बाळा? सुया टोचतात मेले. आपण नाही जायचं हं तिकडे. घे. तेवढं नखाजवळचं घे." हा आवाज जाऊबाईंनी या घरात कधीच ऐकला नव्हता. करवतीला मूठ असते, तिथे ती कापत नाही, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पण लक्षात आलं म्हणून त्या थांबल्या नाहीत. झरोक्यात तोंड घालून ओरडल्या, "ती काय चाटतेय?"

काकूंनी दचकून वर पाहिलं. मधे मांजर नव्हतं, निरोप नव्हता. झरोक्यात नुसता चेहरा.

"काय चाटणार? बोटं."

"बोटांना काय आहे?"

"सरस."

जाऊबाई जिना उतरून आल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दुकानाच्या उंबऱ्याच्या आत. "सरस कशाचा करतात?"

"आता तुला सरस शिकवू?"

"कशाचा करतात?"

"कातडीचा. हाडांचा. शिरांचा."

"कुणाच्या?"

"गुरांच्या. मग?"

"मग? मटणाचा कण नको म्हणाल्या त्या! मी माझं अंडं दाराआड गिळतेय, आणि तू इथे हिला रोज आख्खं जनावर चाटवतेस?"

"सरस म्हणजे काय खाणं आहे का?" काकू खरोखरच चकित झाल्या होत्या. "सरस म्हणजे सरस!"

त्या खोटं बोलत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी खाण्याबद्दल विचारलं होतं. या दुकानात खाणं ताटलीत असायचं आणि सरस भांड्यात असायचा. दोघांची गल्लत करायला माणूस चष्मेवाला तरी हवा, नाहीतर मूर्ख.

"माझा माणूस खाल्लास या सरसानं," जाऊबाई म्हणाल्या, "आता हिला खा."

"ओल्या जोडावर बसला तो! मी सांगितलं होतं, बसू नका!"

"कसं सांगितलंस? तेव्हा तू गादी ठोकत होतीस. तोंडात खिळे धरून सांगितलंस. मी जिन्यात होते, मला तरी कुठे कळलं? तुझ्या तोंडात कायम खिळे. कधी काढून बोलली आहेस कुणाशी?"

काकूंनी तोंड उघडलं. गिऱ्हाइकाला, दूधवाल्याला, टॅक्सीवाल्याला कापणारं ते तोंड. मग ओठांवरून हात फिरवला, खिळा राहिलाय का बघायला. रस्त्यापलीकडे चष्मेवाल्यानं हातातला चष्मा स्वतःच्याच डोळ्यांवर चढवला, नीट दिसावं म्हणून.

जाऊबाईंनी काकूंच्याच फोनवरून दवाखाना लावला. पलीकडून बसका आवाज आला, "गोंद? मी मासा विचारला, दूध विचारलं, उंदीर विचारला. गोंद विचारायचं मला कसं सुचावं?" मग, "हे बघा, आजार त्यानंच झाला असं मी म्हणत नाही. ती इतकी वर्षं चाटतच होती. पण ते चालू असताना खाणं लागू पडतंय की नाही, हे कळणार कसं? बंद करा. पूर्ण. आणि पहिल्यापासून सुरू करा."

बंद करायचं म्हणजे काय, हे काकूंना दोन दिवसांत समजलं. हात धुतले तरी निरोपी खुर्च्यांचे पाय चाटायची. मागच्या खोलीत कोंडली तर दाराच्या चौकटीचा सांधा चाटायची. तोही सरसानंच जोडलेला. या तळमजल्यावर लाकूड होतं तिथे सरस होता, आणि लाकूड सगळीकडे होतं.

"काकू, तो पांढरा बाटलीतला…" चष्मेवाल्यानं रस्त्यापलीकडूनच सुचवलं.

"त्यानं तुमचे ओठ चिकटवीन."

पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टोपलीत जुनी चादर घातली, निरोपीला ठेवलं, खाण्याचं पाकीट आणि गोळ्यांची डबी बाजूला खोचली, आणि टोपली जिन्यानं वर नेली. मधल्या पायरीच्याही वर. जाऊबाईंच्या दाराशी ठेवली. दार वाजवलं नाही. निरोपीच ओरडली, आणि दार उघडण्याआधी काकू खाली पोचल्या होत्या.

मग घर गप्प झालं. निरोपी वरच कोंडलेली, मधली पायरी रिकामी. वर नळ चालू राहिला, टेबलावर पाणी पडलं. काकू जिन्याच्या तोंडाशी आल्या, तोंड उघडलं, पायरीकडे पाहिलं, आणि टेबल सरकवून घेतलं. वर भाजी जळली, ती जळून संपली. गल्लीला चुकल्यासारखं व्हायला लागलं. दूधवाला पाणी घालायचा, कुणी बोलेना, तर त्यालाच कसंतरी वाटून त्यानं कमी केलं.

काकू जिना मात्र रोज बघत. फरशी कोरडी होती. पुढच्याही दिवशी कोरडी. वरच्या खिडकीत एक राखाडी पाठ दिसे, ती त्या पटाशीला धार लावता लावता बघत, आणि धार गरजेपेक्षा जास्त लागे.

जाऊबाई दळण टाकायला खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या मनगटावर पट्टी होती. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मनगटावर. एकटीनं मान धरून जबडा उघडणं नर्सलाही जमत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या जिन्याच्या वरच्या टोकाला आल्या. खाली बघून, कुणाचंही नाव न घेता म्हणाल्या, "गोळी द्यायचीय."

काकूंनी ब्रश ठेवला. साबणानं हात धुतले, पुसले, जिना चढल्या. दाराशी जाऊबाई आडव्या उभ्या.

"हात."

काकूंनी हात पुढे केले. जाऊबाईंनी ते मनगटाला धरून नाकाशी नेले.

"पुन्हा धू."

"आता धुतलेत."

"धुतलेस म्हणजे ओले केलेस. पुन्हा धू. इथे नाही, माझ्या बेसिनमध्ये ती घाण नको. खाली."

असं बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि असं शांतपणे 'तू' म्हणायला तर नवऱ्यामागे कुणी उरलंच नव्हतं. काकू काहीतरी बोलणार होत्या, पण आतून निरोपी ओरडली. काकू खाली गेल्या. गरम पाणी, साबण, ब्रश. वर आल्या.

"नखात आहे."

खाली. नखं कापली, बोटाच्या मांसालगत. वर.

"कडांना चकाकतंय अजून."

तो सरस वर्षानुवर्षांचा होता, साबणाला दाद देणारा नव्हता. काकूंनी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि खुर्चीची दांडी घासतात तशी स्वतःची बोटं घासली. अंगठा, तर्जनी, सगळी. पेरं लाल झाली, दोन ठिकाणी रक्त आलं. वर गेल्या आणि हात पुढे केले.

जाऊबाईंनी वास घेतला. बराच वेळ घेतला. मग बाजूला झाल्या.

निरोपी पलंगावर होती. पाठीवर मांस आलं नव्हतं, पण केस बसले होते. काकूंनी मान धरली, गळा नाही. जाऊबाईंनी जबडा उघडला, गोळी गेली. हात सुटले तसं निरोपीनं काकूंचं बोट हुंगलं, सवयीनं जीभ लावली. काही सापडलं नाही. तिनं पुन्हा लावली. मग मान तिरकी करून कचकन दात रोवले.

"आई गं! चावली मेली!"

जाऊबाईंनी ते बोट ओढून घेतलं, कापसावर औषध ओतलं आणि चांगलं झोंबेल असं दाबून धरलं.

"जोर आलाय तिला," त्या म्हणाल्या. "हलू नकोस."